दोन लांब होल आणि माझं कुंपण

आप्पा, तुम्ही माझ्या मागं गवतावर उताणे पडला होता आणि मी माझ्याच कुंपणापुढं उभी होते. घायपाताची रांग, तिच्यात तीन पदरी काटेरी तार आणि तारेत अडकलेला माझा पदर. पलीकडं माझं अर्धा एकर वावर, त्यात कांदा, आणि वावराच्या त्या अंगाला गावाचा रस्ता. दोनशे पावलं. रस्त्यानं दुधाचे कॅन लावलेली एक मोटरसायकल गेली. मी हाक मारली. त्याला ऐकू गेली नाही. माणूस आत शिरू नये म्हणून ते कुंपण मी लावलं होतं. चांगलं लावलं होतं. मलाही त्यातून जाता आलं नाही.

पदर सोडवून मी परत तुमच्यापाशी आले. तुमचे डोळे उघडे होते. कपाळ घामानं भिजलं होतं आणि तोंड मातीच्या रंगाचं झालं होतं. तुम्ही म्हणालात, "हौसाबाई, बस इथं."

मी म्हणाले, "गाडी आणते."

"बस म्हणतो ना."

मी बसले नाही. गवताचं रिकामं पोतं घडी करून तुमच्या डोक्याखाली सरकवलं आणि निघाले. डोकं उचलताना माझा हात तुमच्या मानेला लागला. या घरात लग्न होऊन आल्यापासून तो पहिल्यांदा लागला. तुम्ही माझे थोरले दीर. थोरल्या दिराच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याच्यासमोर बसायचं नाही, वाटेनं चालताना दहा पावलं मागं राहायचं, हे मला माहेरी खुटबावला आईनं शिकवून पाठवलं होतं. पुढं सगळं बदललं, पोरीबाळी दिरांच्या गाडीवर मागं बसून शिरूरला जायला लागल्या, पण आपण दोघांनी दहा पावलं काही मोडली नाहीत. त्या दिवशीही मी मागं होते, म्हणून तुमचं तोंड मला दिसत नव्हतं. तुमचं तोंड बदललेलं मला आधी दिसलं असतं, तर काय झालं असतं, मला ठाऊक नाही.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुमचा विलास तुमच्यावर एक पुस्तिका काढतोय. तुम्ही फौजेत कधी गेलात, कुठं कुठं राहिलात, सत्कार कुणी केला, हे सगळं तो लिहिणार आहे. मला म्हणाला, काकी, तूही दोन पानं लिही. मी चौथी शिकलेली बाई. पण आपलं भांडण दोन पानांत मावत नाही, आणि ते मी तुमच्याशीच बोलणार, लोकांशी नाही. लोकांना वाचायचं तर वाचू देत.

भांडण त्या दोन लांब होलांचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गोल्फ म्हणजे काठीनं चेंडू मारत झेंड्यापर्यंत न्यायचा आणि झेंड्याखालच्या भोकात घालायचा. अशा एका पट्टीला होल म्हणतात. आपल्या माळावर नऊ आहेत. काही आखूड, एका फटक्यात चेंडू झेंड्यापाशी जातो. काही मधले. आणि दोन असे की तीन फटके मारले तरी झेंडा अजून लांबच. सगळीकडं लांब होल झाला की पुढचा आखूड ठेवतात, माणसाला दम खायला. तुम्ही सहावा लांब केलात आणि त्याच्या पुढं सातवाही लांबच केलात. हात कोपरात वाकवावा तसे ते दोन्ही माळावर पडलेत. कोपराच्या आत माझं वावर. कोपरापर्यंत गेलेल्या माणसाला परतायचं तर एक पुरा लांब होल मागं चालायचं किंवा एक पुरा लांब होल पुढं. सावली नाही, पाणी नाही, रस्ता नाही.

हे सगळं सुरू झालं ते आपल्या ओट्यावर. कारखान्यांच्या साहेबांना खेळायला मैदान पाहिजे म्हणून एका कंपनीनं शिरूरच्या अंगाचा आपला माळ घेतला. माळाचं कुणाला वाईट वाटलं नाही. त्यावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. तुमचा वाटा तुम्ही दिलात, बाकीच्यांनी दिला. राहिलं ओढ्याकाठचं माझं अर्धा एकर, तेवढीच काळी माती. कंपनीचा माणूस ओट्यावर बसला, चहा प्याला, मला समजावत राहिला. तुम्ही खांबाला टेकून अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. मी आत दाराआडून म्हणाले, "द्यायचं न्हाई." त्यानं तुमच्याकडं बघितलं. घरातला मोठा माणूस तुम्ही. तुम्ही सुपारी तोंडात टाकलीत आणि म्हणालात, "ती न्हाई म्हनली ना." एवढंच. तो गेला. त्यानंतर तुम्ही त्या वावराचा विषय माझ्याकडं कधी काढला नाहीत. एकदा काढलात, त्याचं पुढं सांगते.

फौजेत तुम्ही बंदूक कमी आणि गवत जास्त सांभाळलंत, हे तुम्हीच सांगायचात. छावण्यांतली साहेबांची गोल्फची मैदानं तुमच्या हाताखाली होती. म्हणून कंपनीनं तुम्हाला मुकादम ठेवलं, आणि तुम्ही गावातल्या आम्हा अकरा बायकांना कामाला घेतलंत. नकाशा पुण्याच्या इंजिनिअरनं काढला होता. पण तो आला दोनदा आणि तुम्ही होता रोज. त्याचा नकाशा कागदावर राहिला, जमिनीवर तुमचा उतरला.

माप घ्यायला तुम्ही मला घेतलंत. लांब फीत होती. एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या. तुम्ही पुढं, मी मागं. फीत ताणली की तुम्ही हात वर करायचात, मी खुंटी ठोकायची. आपल्या दोघांना ते काम बरं होतं. बोलावं लागत नव्हतं आणि अंतर आपोआप राहत होतं. असा अख्खा माळ आपण मोजला. सहाव्याची शेवटची खुंटी ठोकली तेव्हा मला वाटलं, झालं, आता पुढचा आखूड. तुम्ही फीत घेऊन चालतच राहिलात.

मी मागून ओरडले, "आप्पा, कुठवर?"

तुम्ही वळून बघितलं नाहीत. हात हलवून ये म्हणालात.

मग गवत लावायचं काम आलं. पोतीच्या पोती गवत आलं, तोंड सोडून बघतो तर हरळी. सुधारलेली असेल, बारीक असेल, पण हरळीच. कमल, माझ्या शेजारी काम करायची, तिनं एक काडी उचलून नाकाशी धरली आणि म्हणाली, "हौसामावशे, जलमभर जी वावरातनं उपटली, ती आता लावायची व्हय?" अकराच्या अकरा बायका हसत सुटल्या. तुम्ही ऐकलंत आणि तोंड फिरवलंत. तुम्हीही हसत होता, मान हलत होती. कांद्याची रोपं लावतात तशी एकेक काडी आम्ही ओळीनं लावली. सहावा लावून झाला तेव्हा कंबर गेली होती. सातवा लावताना कुणी हसलं नाही.

तेव्हाच मी तुम्हाला पहिल्यांदा म्हणाले की हे चुकलंय. एकापाठोपाठ दोन लांब नकोत. मध्ये एक आखूड घाला, एक झाड लावा, कडेनं गाडीची वाट सोडा. तुम्ही म्हणालात, खेळणाऱ्यानं चालायचं असतं. मी म्हणाले, खेळणारा बॅटरीच्या गाडीत बसून जातोय, चालतोय आम्ही, पाण्याची नळी ओढत. यावर तुम्ही गाडीलाच त्या दोन होलांवर बंदी घातलीत. गवत दबतं म्हणालात. साहेब लोकांना खाली उतरवलंत, पण आमची नळी काही हलकी झाली नाही. तुमचा न्याय असा असायचा.

तुमचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी साहेबानं विचारलं, दोन लांब का, की तुम्ही सांगायचात, "पहिल्या लांबीत माणूस जोर दाखवतो, दुसरीत सोभाव." पाटसकडचा एक बागायतदार यायचा खेळायला. सहावा त्यानं मिशीला पीळ देत खेळला. सातव्यावर तिसऱ्या फटक्याला चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला तशी त्यानं काठी गुडघ्यावर मोडली आणि मोडलेले तुकडे कमलच्या हातात दिले, जसं काही तिनंच चेंडू वाळूत टाकला. तुम्ही माझ्याकडं बघून भुवई उडवलीत. बघ, दिसला का सोभाव, असं. मी संध्याकाळी म्हणाले, त्याचा सोभाव आख्ख्या गावाला ठाऊक आहे, त्यासाठी एवढं गवत कशाला लावलं?  तुम्ही वाकून पायाखालचं गवत चाचपायला लागलात.

बारा वर्षं हे चाललं. मी दर पावसाळ्याच्या तोंडाला सांगायची, या वर्षी तरी मध्ये तोडा. तुम्ही दर वर्षी म्हणायचात, जमीन तशीच पडलीय, मी काय करू. मला ते खोटं वाटायचं. जमीन मीही जन्मभर बघितलीय. ओढ्याच्या अंगाला उतार आहे, तिथं एक छान आखूड होल बसतो, आंधळ्यालाही दिसेल. फक्त तो उतार माझ्या वावरातून जातो, हे मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. माझं वावर माझ्या डोक्यात मैदानाच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. ते द्यायचं नाही म्हटल्यावर तो विषय माझ्याकडून संपला होता. मी मोकळ्या जागेवर आखूड होल बसवत होते आणि मोकळी जागा तिथं नव्हतीच.

आता कुंपणाचं. चौथ्या की पाचव्या वर्षी साहेबांचे चेंडू माझ्या कांद्यात यायला लागले. चेंडूमागं चेंडू शोधणारी माणसं, बूट घालून. एका सकाळी येऊन बघते तर दोन वाफे तुडवलेले, कोवळी रोपं जमिनीला चिकटलेली. त्या दिवशी मी मजुरी बुडवली आणि ओढ्यातली घायपाताची पिल्लं उपटून लावायला घेतली. आधी खांब, मग तार, मग घायपात. रस्त्याच्या अंगाला मला एकटीला शिरण्यापुरती फट ठेवली, मैदानाच्या अंगाला काही नाही. तुम्ही दुपारी आलात, दहा पावलांवर उभे राहिलात.

म्हणालात, "हौसाबाई, एक फाटक ठेव. लहानसं."

मी खड्डा खणत होते. म्हणाले, "आज फाटक, उद्या रस्ता, परवा वावर."

तुम्ही म्हणालात, "पान्याला, अडीअडचणीला बरं पडंल."

"कुणाच्या अडचणीला? साहेबांच्या?"

तुम्ही बरं म्हणालात. मग तारेच्या वेटोळ्याचं टोक उचललंत आणि पलीकडच्या खांबापाशी जाऊन ताणून धरलंत, मी इकडून खिळे ठोकले. एका बाईला तार एवढी ताणता येत नाही. आज ती तार एवढी घट्ट आहे ती तुमच्यामुळं. फाटक मी नको म्हणाले आणि कुंपण तुम्ही घट्ट केलंत. हे मला त्या दिवशी पदर सोडवताना आठवलं. माणसाला नको तेव्हा काय काय आठवतं.

फोनचंही सांगून टाकते, कारण लोक विचारतात. म्हणतात, म्हातारीला फोन करता आला नाही? फोन मैदानाच्या सुरुवातीला, आमचं सामान ठेवायच्या छपरात होता. आम्हा सगळ्या बायकांचे फोन छपरात खुंटीवरच्या पिशवीत असायचे, कारण एकदा एका साहेबाच्या फटक्याच्या वेळी कमलच्या फोनमध्ये आरती वाजली होती आणि त्याचा चेंडू ओढ्यात गेला होता. त्यावर तुम्ही नियम केलात. गवतावर फोन नाही. तुमचा स्वतःचा तर घरी दिव्यापाशी पडलेला असायचा. म्हणजे गाडी नाही तुमच्या नियमानं, फोन नाही तुमच्या नियमानं, आणि फाटक नाही माझ्या हट्टानं. आपण दोघांनी मिळून ती जागा अशी करून ठेवली होती की तिथं पडलेल्या माणसापर्यंत कुणी पोचू नये.

मी चालले. पळाले नाही. गुडघे पळू देत नाहीत, आणि पळून पडले असते तर दोघंही पडलो असतो. सातव्याचा अर्धा मागं आले, मग सहावा पुरा. मी लावलेली हरळी, एकेक काडी. चालताना मी एवढ्या शिव्या तुम्हाला कधी दिल्या नव्हत्या. मोठ्यानं दिल्या. माळावर ऐकायला कुणी नव्हतं. सहाव्याच्या सुरुवातीला कमल भेटली. तिनं माझं तोंड बघितलं आणि न विचारता छपराकडं पळाली. बॅटरीची गाडी घेऊन मैदानाचे मॅनेजर आले. मला वर घेतलं. तुमची बंदी मोडून गाडी सहाव्यावरून, सातव्यावरून गेली. गवत दबलं. परवा बघितलं, परत उठलंय. गवताला काही होत नाही, आप्पा. तुम्ही उगाच जपत होता.

पोतं तुमच्या डोक्याखालीच होतं. डावा हात गवतावर पालथा होता. तुम्ही गेला होता.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मोठा झटका. पाच मिनिटांत संपलं असेल. मी विचारलं, गाडी लगेच आली असती तर? ते म्हणाले, आजी, दवाखाना तिथं असता तरी अवघड होतं. विलासला ते ऐकून बरं वाटलं. मला नाही वाटलं. पाच मिनिटं म्हणजे मी सातव्याच्या सुरुवातीलाही पोचले नसेन. म्हणजे माझं जाणं फुकट गेलं. बसले असते तर काही वाचलं नसतं, पण तुमच्याजवळ कुणी असतं. तुम्हाला बहुतेक ते कळलं होतं. तुम्ही फौजेतले, माणसं जाताना बघितलेली. म्हणून गाडी मागितली नाहीत, पाणी मागितलं नाहीत. बस म्हणालात. तेवढं एकच मला सांगितलंत आणि तेवढंच मी केलं नाही.

मी रडत बसले नाही, हे गावानं बघितलंय. जावा-भावजयांनी मला बोल लावले, दगड आहे म्हणून. मी बसून राहिले असते आणि डॉक्टरांनी सांगितलं असतं की गाडी आली असती तर वाचले असते, तर याच बायका वेगळं बोलल्या असत्या. त्या वेळी मला जे कळत होतं त्यावर मी गेले. पुन्हा तसं झालं, तर मी पुन्हा जाईन. हे मी तुमच्या फोटोसमोर म्हणाले, इथंही लिहिते.

आता मुख्य गोष्ट. दहावा झाल्यावर मॅनेजरनी मला ऑफिसात बोलावलं. पुण्याहून एक नवीन इंजिनिअर बाई आली होती, विलासच्या पोरीच्या वयाची, डोक्यावर टोपी, पायात चिखलाचे बूट. तिनं मला खुर्ची दिली. म्हणाली, आजी, दोन लांब होल पाठोपाठ असणं चूक नाही, काही ठिकाणी असतात. पण इथं सहाव्यावर माणसं खोळंबतात, सातव्यावर दमतात, आणि आता हे असं झालं. आम्हाला मध्ये एक आखूड होल घालायचाय आणि गाडीची वाट काढायचीय. तुमचं काय मत? गवताच्या बायकांत तुम्ही सगळ्यांत जुन्या.

बारा वर्षं मी जे सांगत होते तेच ती मला विचारत होती. मी म्हणाले, "माझं मत तुमच्या जन्माआधीपास्नं तेच हाय." तशी ती हसली. तुम्ही गेलात म्हणून माझं म्हणणं बदलत नाही. दोन लांब पाठोपाठ चुकलेच होते.

मग तिनं जुना नकाशा उलगडला. पुण्याच्या पहिल्या इंजिनिअरचा, पडून पडून घड्यांत फाटलेला. त्यावर सहावा लांब, सातवा आखूड, आठवा लांब. आखूड होल ओढ्याच्या उतारावर, मला दिसायचा अगदी तिथंच. त्यावर पेन्सिलनं काट मारलेली. माझ्या वावराभोवती पेन्सिलनं गोल केलेला आणि त्यात तुमचं ते फौजी सुटं सुटं अक्षर: हे सोडणे.

मी चष्मा पुसून परत वाचलं. दोनच शब्द.

मॅनेजर म्हणाले, "म्हणजे मावशी, आप्पांनी तुमच्या वावरासाठी एवढं..."

मी म्हणाले, "कशासाठी ते लिहिल्यालं न्हाई."

नाहीच लिहिलेलं. तुम्ही माझ्या वावराला वळसा घातलात म्हणून दोन लांब झाले, की तुम्हाला दोन लांबच आवडत होते आणि माझं वावर आयतं निमित्त सापडलं, हे आता कुणाला विचारू? तुम्हाला ओळखते म्हणून सांगते, दोन्ही असेल. पण एक वाक्य बोलला असतात तर माझं तोंड बारा वर्षांपूर्वीच बंद झालं असतं. मधला होल तुझ्या वावरात येतो, देतेस का? एवढंच विचारायचं. मी नाही म्हणाले असते आणि परत तुम्हाला लांब होलांवरून बोलले नसते. तुम्ही माझे बोल खाल्लेत, साहेबांचे खाल्लेत, आणि जमिनीवर ढकललंत. उपकार करायचा तर सांगून करायचा, आप्पा. न सांगता केलेला उपकार समोरच्याला मूर्ख बनवतो. मी तुमच्याच उपकाराभोवती काटेरी तार लावली आणि तुम्ही तिचं दुसरं टोक धरून उभे राहिलात. तेव्हा तरी सांगायचंत. फाटकाऐवजी ते सांगितलं असतंत, तर मी फाटक ठेवलं असतं. हे मी रागानं लिहितेय आणि आभारानंही. तुम्ही असता तर राग तेवढा बोलले असते. दुसरं मला बोलता येत नाही.

इंजिनिअर बाईनं विचारलं, मग वावर द्याल का? पोरगी वाईट नव्हती. तिचं काम होतं ते. मी म्हणाले, दोन दिवस द्या.

दोन दिवस मी वावरात गेले आणि बांधावर बसले. समोर तुम्ही पडलात ती जागा. विचार करायचा म्हणून बसले होते, पण कांदा खुरपून झाला आणि विचार काही झाला नाही. तिसऱ्या दिवशी कमलला घेऊन गेले. कोयता आणि तार कापायची पक्कड नेली. रस्त्याच्या बाजूनं एक आणि मैदानाच्या बाजूनं एक, अशा दोन ठिकाणी घायपात तोडला, खांब काढला, तार गुंडाळली. मधे वावरातून दवाखान्याची गाडी जाईल एवढी पट्टी कांद्याची काढली. कांदा अजून भरला नव्हता, पातीसकट कमलला दिला. ती म्हणाली, "मावशे, आप्पांला फाटक न्हाई दिलं, आता आख्खी वाट देतीस?" मी म्हणाले, तुझा कोयता चालव.

मॅनेजरना सांगितलं, आखूड होल होणार नाही. वावर द्यायचं नाही, ते पहिल्याच दिवशी सांगितलंय. दोन लांब राहू देत, आता माझी त्याबद्दल तक्रार नाही, म्हणजे आहे, पण ती त्यांच्याशी नाही. वाट मात्र घ्या. ती आजाऱ्यासाठी, आणि पाणी आणणाऱ्या बायकांसाठी. चेंडू शोधायला तिथून कुणी आलं तर विळा घेऊन उभी राहीन. हे कागदावर लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं. मी वाचलं, एक ओळ खोडायला लावली आणि सही केली. अंगठा नाही, सही.

ते म्हणाले, दोन्हीकडं फाटक बसवून देतो, कुलपासकट. मी म्हणाले, कुलूप नको. ते म्हणाले, मावशी, गुरं शिरतील कांद्यात. मी म्हणाले, "गुरं हाकलता येत्यात."

पुढचा जो कुणी सातव्यावर पडेल, त्याच्याकडं पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ असू शकतो. खेळणारा असेल, नाहीतर आमच्यातलीच एखादी बाई. त्याच्याजवळ एकानं बसावं आणि दुसऱ्यानं दोनशे पावलं जाऊन गाडी थांबवावी. बायकांना मी तसं सांगून ठेवलंय. कोपराकडं एकटीनं जायचं नाही, आणि फोन कमरेला. तुमचा नियम मोडला. आरती वाजली तर वाजली.

मी अजून कामाला जाते. सातव्याच्या मध्यावर आले की त्या जागेला वळसा घालत नाही. लव्हाळा उगवला तर तिथलाही काढते. परवा दुपारी ऊन कमी होतं, बायका पुढं गेल्या होत्या, तेव्हा मी त्या जागी बसले. तुम्ही सांगितलं होतं म्हणून बसले. उशीर झाला, ते मलाही कळतं. तिथून फाटकातून गावाचा रस्ता दिसतो. एसटी गेली, दोन मोटरसायकली गेल्या, उसाची ट्रॉली गेली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती की नाही, ते मी बघितलं नाही.

मग उठले, पोतं उचललं आणि पुढं गेले.

विलास पुस्तिकेत लिहील की तुम्ही शेवटच्या क्षणी कामावर होता. ते खरं आहे. पण त्या दिवशी सातव्यावर दोन माणसं होती. एक तुम्ही, आणि दहा पावलं मागं तुमच्या धाकट्या भावाची बायको, हौसा. तुम्ही गेलात. मी राहिले.